गालिच्यावरील डाग आणि घरगुती उपाय

आपल्या शाळेत दोन प्रकारची बिछायत आहे. एक सुती जमखान्यांची. प्रार्थनेला, व्याख्यानाला आणि पावसाळ्यात कवायत बंद असली म्हणजे गोष्टी ऐकावयाला आपण ज्यांवर बसतो ते हे जमखाने. धारवाड जिल्ह्यातील नवलगुंद हे गाव अशा सुती जमखान्यांसाठी प्रसिद्ध असून तेथील स्त्रिया हातमागावर मोर, चौकटी व भौमितिक आकृत्या विणतात, हे बेळगावकडील बहुतेकांस ठाऊक आहे. दुसरी बिछायत म्हणजे एकच लोकरी गालिचा. एका माजी विद्यार्थ्याने तो शाळेस भेट दिला आणि शारदोत्सव व पारितोषिक-वितरण या दोन प्रसंगांवाचून तो कपाटाबाहेर निघत नाही.

याच गालिच्यावर २०२३ सालच्या शारदोत्सवात हळद सांडली. त्या हळदीने आम्हांस जे शिकविले तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. रसायनशास्त्राशी आमचा संबंध शालान्त परीक्षेबरोबरच संपला होता. तेव्हा हा धडा शिक्षकाने विद्यार्थ्यांस दिलेला नसून, एका उशिरा शिकलेल्या विद्यार्थ्याने इतर विद्यार्थ्यांस सांगितलेला आहे, असे समजावे.

प्रसंग असा घडला. पूजेची तयारी करताना आठवीतील दोन मुलींच्या हातून हळदीची वाटी कलंडली. मुली घाबरल्या. एकीने रुमाल ओला करून ती जागा जोराने पुसली. त्यामुळे डाग जाण्याऐवजी तळहाताएवढा पसरला. मग त्यांनी त्यावर चौरंग सरकविला. उत्सव पार पडला, गालिचा गुंडाळून कपाटात गेला आणि आठ दिवसांनी आमच्या शिपाईमामांनी तो झटकण्यासाठी उघडला तेव्हा पिवळाजर्द डाग सर्वांच्या दृष्टीस पडला. गालिचा मामांच्या ताब्यात असल्यामुळे संशय अर्थातच त्यांच्यावर आला. भरपाई त्यांच्या पगारातून घ्यावी की काय, अशी कुजबूजही शिक्षकांच्या खोलीत झाली. ती ऐकून त्या दोघी मुली रडत आमच्याकडे आल्या. "सर, मामांचा काही दोष नाही. आमच्याच हातून सांडलं," एवढेच त्यांना बोलता आले.

आता डाग काढणे हे केवळ स्वच्छतेचे काम राहिले नव्हते. एका गरीब माणसाच्या माथ्यावरचा आळही त्याबरोबर पुसावयाचा होता. त्या आवेशात आम्ही धुण्याच्या सोड्याचे कढत पाणी मागविले आणि कुंचल्याने डाग घासावयास आरंभ केला. पाहतो तो काय! पिवळा डाग क्षणार्धात रक्तासारखा लाल झाला. मुलींच्या तोंडचे पाणी पळाले आणि, खरे सांगावयाचे तर, आमच्याही.

इतक्यात आमचे विज्ञानशिक्षक स्नेही तेथे आले. ते हसले आणि म्हणाले, "अहो सर, ओवाळणीचं तांबडं पाणी कधी पाहिलं नाही का तुम्ही?" कानडी मुलखात ओवाळताना हळद आणि चुना पाण्यात कालवून तांबडे पाणी करतात, ते आम्ही जन्मभर पाहिले होते, पण चुन्याचे काम सोडाही करील, हे आमच्या कधी ध्यानी आले नव्हते. स्नेह्यांनी एक लिंबू पाण्यात पिळून त्याचे फडके डागावर टिपले. लाल रंग पुन्हा पिवळा झाला! डाग गेला नव्हता. पण तो काय जातीचा आहे हे त्याने आपल्या तोंडाने सांगितले होते.

डाग काढण्याच्या विद्येचा पाया हाच. आधी डाग कशाचा हे ओळखावे, मग धागा कशाचा हे ओळखावे आणि त्यानंतर औषध निवडावे. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून पुडी बांधीत नाही, तसेच हे आहे.

धाग्याची ओळख

सूत व ताग हे वनस्पतींपासून मिळतात. लोकर व रेशीम प्राण्यांपासून. हा भेद फार महत्त्वाचा आहे. लोकर म्हणजे आपल्या केसांसारखाच प्रथिनाचा धागा. तिला धुण्याचा सोडा, चुना यांसारखे क्षार सोसत नाहीत. ब्लीचिंग पावडरीने तर ती अक्षरशः विरघळते. लिंबू किंवा व्हिनेगर यांसारखी सौम्य आम्ले मात्र ती सहज सहन करते. सुताचे उलट आहे. ते क्षार बरेच सोसते. पण तीव्र आम्लाने कुजते. तागाची चटई अधिक भिजली तर स्वतःच तपकिरी डाग धरते. आजकाल बाजारात मिळणारे अनेक गालिचे नायलॉन वा पॉलिप्रॉपिलीन यांसारख्या कृत्रिम धाग्यांचे असतात. ते डाग कमी शोषतात. पण उष्णतेने वितळतात.

धागा कोणता हे कळत नसेल तर गालिच्याच्या खालच्या बाजूचा एक तंतू चिमट्यात धरून, वडील माणसांच्या समक्ष, पाण्याच्या भांड्यावर पेटवून पाहावा. केस जळल्याचा वास आला आणि चुरगळणारा काळा गोळा उरला तर ती लोकर किंवा रेशीम. कागद जळल्याचा वास आणि मऊ राखाडी राख म्हणजे सूत. वितळून कठीण मणी झाला तर धागा कृत्रिम.

दुसरी परीक्षा रंगाची. जे औषध लावावयाचे ते पांढऱ्या फडक्यावर घेऊन गालिच्याच्या दृष्टीआड कोपऱ्यावर दहा मिनिटे दाबून ठेवावे. फडक्यास गालिच्याचा रंग लागला तर ते औषध तेथेच सोडून द्यावे.

चार नियम

पहिला नियम, डाग टिपावा, घासू नये. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, उष्णता व घर्षण एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकर घोंगडीसारखी गच्च होते. एकदा अशी झालेली लोकर पूर्ववत होत नाही.

दुसरा नियम, बाहेरून आत यावे. डागाच्या कडेपासून मध्याकडे टिपीत गेले म्हणजे तो पसरत नाही.

तिसरा नियम, आधी थंड पाणी. ऊन पाण्याची पाळी नंतर, आणि तीही क्वचितच.

चौथा नियम, थोडे भिजवावे आणि पूर्ण वाळवावे. आपल्याकडील पावसाळ्यात ओला गालिचा दोन-तीन दिवस तसाच राहिला तर त्यावर बुरशी धरते आणि मग डाग परवडला म्हणण्याची वेळ येते. गालिचा दोन बाकांवर आडवा टाकावा, म्हणजे खालूनही वारा लागतो.

घरात तयार होणारी औषधे

रिठ्याचे पाणी हे यांतील सर्वांत जुने व लोकरीस सर्वांत मानवणारे. आठ-दहा रिठ्यांची टरफले बिया काढून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावी, सकाळी पंधरा मिनिटे मंद आचेवर उकळावी, गाळावी आणि थंड झाल्यावर घुसळून वरचा फेस तेवढा वापरावा. रिठ्यात सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते साबणासारखा फेस देते. पण साबणातील क्षाराचा तिखटपणा त्यात नसतो. काश्मीरच्या शाली रिठ्याने धुण्याची रीत आहे ती उगाच नव्हे. आमची घरची भाषा कोंकणी. आमच्या आईने नव्या साबणांची कितीही वर्णने ऐकली तरी लोकरीच्या कपड्यांसाठी रिठ्यांची पिशवी कधी टाकली नाही. मात्र रिठ्याचे पाणी तपकिरी असते. पांढऱ्या किंवा फिक्या गालिच्यास ते लावू नये.

दुसरे औषध साबणपाणी. एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवरूप साबणाचा एक चहाचा चमचा पुरे. अधिक घातल्याने अधिक स्वच्छ होते हा भ्रम होय. धाग्यात उरलेला साबण चिकट राहतो आणि पुढची धूळ ओढून घेतो. म्हणून साबणानंतर साध्या पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा टिपणे आवश्यक आहे.

तिसरे औषध व्हिनेगर. एक भाग पांढऱ्या व्हिनेगरात दोन भाग पाणी मिसळावे. गोव्याकडे माडाच्या सुरीचे व्हिनेगर स्वयंपाकात असते. ते मासळीस उत्तम, पण त्यास स्वतःचा रंग असल्याने गालिच्यास नको.

चौथे औषध म्हणजे कोरडी पूड. शंखजिऱ्याची पूड किंवा मक्याचे पीठ तेल शोषून घेते आणि खाण्याचा सोडा वास घालवितो.

येथे एका लोकप्रिय समजुतीविषयी लिहिणे भाग आहे. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की फसफसून फेस येतो आणि पाहणाऱ्यास वाटते, काय हे जोरदार औषध! वस्तुतः एक आम्ल व दुसरा क्षार. दोघे एकमेकांस भेटताच परस्परांचा गुण नष्ट करतात आणि मागे उरते ते एक साधे लवण, पाणी आणि उडून गेलेला कर्बद्विप्राणील वायू. दोघे वेगवेगळे उपयोगी आहेत. एकत्र केल्यावर केवळ तमाशा उरतो.

डागांच्या जाती

तेल व तूप : ताज्या डागावर पूड जाड थराने पसरावी, रात्रभर ठेवावी, सकाळी मऊ ब्रशाने झाडावी. टिपकागद जसा शाई पितो तशी ही पूड तेल पिते. गरज पडल्यास दुसऱ्यांदा पसरावी, साबणपाणी त्यानंतर. आरंभीच पाणी ओतल्यास तेल आणखी खोल जाते.

रक्त, दूध व अंडे : हे प्रथिनांचे डाग. अंडे उकळत्या पाण्यात पडताच कसे घट्ट होते ते आपण पाहतोच. ऊन पाणी लावल्यास हे डाग तसेच धाग्यात घट्ट होतात. म्हणून केवळ थंड पाण्यात थोडे मीठ विरघळवून टिपीत राहावे.

चहा : चहात टॅनिन असते. वडीच्या साबणाच्या क्षाराने ते अधिक गडद होते, म्हणून आधी साधे पाणी व नंतर व्हिनेगरचे पाणी. चहात दूध असल्याने मधून सौम्य साबणपाण्याचा एक हात फिरवावा. काजूच्या बोंडाच्या रसाचे डागही टॅनिनचेच. कोंकणातील व गोव्यातील प्रत्येक मुलाचा एक तरी सदरा त्यांनी वाया घालविलेला असतो. हा रस वाळण्यापूर्वी पाण्याने काढला तरच निघतो.

आमसूल : याचा तांबडा रंग आम्लात लाल राहतो आणि क्षारात निळसर-हिरवट होतो. हळदीप्रमाणे हाही घरातला लिटमस कागदच म्हणावयाचा. त्यावर प्रथम व्हिनेगरचे पाणी लावावे.

शाई : फाउंटनपेनाची शाई सांडली तर टिपकागदाने जितकी शोषता येईल तितकी आधी शोषावी. आजच्या बऱ्याच निळ्या शाया पाण्यानेच फिक्या होतात. जुन्या पद्धतीच्या निळ्या-काळ्या शाईत लोह असते. तेथे लिंबाचा रस व मीठ उपयोगी पडते. शाईवर दूध ओतण्याची रीत अनेक घरांत आहे; पण सदरा धुता येतो, गालिचा धुता येत नाही आणि आत राहिलेले दूध पुढे आंबून वास मारते. बॉलपेनाच्या डागास स्पिरिट फडक्यावर घेऊन टिपावे. खोलीत दिवा किंवा उदबत्ती पेटलेली नसावी.

चिखल : आपली माती तांबडी, लोहयुक्त. ओला चिखल पुसू नये. पूर्ण वाळू द्यावा, मग झाडावा. उरलेली छटा साबणपाण्याने जाते. येथे धीर हेच औषध.

मेण : बर्फाने गोठवून बोथट सुरीने खरवडावे. उरलेल्या मेणावर टिपकागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरविली म्हणजे कागद मेण शोषतो. कृत्रिम धाग्यावर इस्त्री मुळीच नको.

मुलांची लघवी : ताबडतोब टिपून व्हिनेगरचे पाणी लावावे, वाळल्यावर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवावा व झाडून काढावा.

एक गंभीर सूचना

पुढील ओळी पालकांनीही अवश्य वाचाव्यात. एका औषधाने डाग जात नाही म्हणून त्यावर दुसरे, तिसरे ओतीत जाण्याचा मोह होतो. ब्लीचिंग पावडर किंवा तिचे द्रावण आणि व्हिनेगर, लिंबू वा स्वच्छतागृहाचे आम्ल एकत्र आले तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो. २२ एप्रिल १९१५ रोजी, पहिल्या महायुद्धात, ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. इतिहासाच्या तासाला आम्ही तो प्रसंग शिकवितो. तो कोणाच्या न्हाणीघरात घडू नये. ब्लीच आणि अमोनिया यांच्या मिश्रणातूनही विषारी वायू निघतो आणि कुजलेल्या लघवीत अमोनिया असतोच. म्हणून ब्लीच कशातही मिसळू नये, गालिच्यास तर लावूच नये. चुकून असे झालेच तर खोलीतून ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावे. आत डोकावू नये, आणि खोकला वा घुसमट होत असल्यास डॉक्टरांकडे जावे.

तसेच फार जुना, रेशमी किंवा मौल्यवान गालिचा असेल तर ताजा डाग फक्त टिपावा आणि पुढचे काम जाणकारांवर सोपवावे. काय करू नये हे कळणे, हेही ज्ञानच होय.

हळदीचे पुढे काय झाले?

आमच्या विज्ञानशिक्षक स्नेह्यांनी सांगितले की, हळदीचा पिवळा रंग सूर्यप्रकाशात टिकत नाही. आम्ही लिंबाच्या पाण्याने सोड्याचा अंश घालविला, साध्या पाण्याने जागा टिपली, आणि भोवतालच्या रंगास ऊन लागू नये म्हणून जाड पुठ्ठ्यास डागाएवढे भोक पाडून तो गालिच्यावर ठेवला. रोज सकाळी दोन तास शाळेच्या पटांगणात गालिचा उन्हात पडे. त्या दोघी मुली मधल्या सुट्टीत येऊन तो पाहून जात आणि शिपाईमामा त्यांना म्हणत, "जातोय गो, जातोय. तुम्ही जेवून घ्या आधी." मधे दोन दिवस पावसाची सर आली. तरीही दहाव्या-बाराव्या दिवशी पिवळा रंग ओळखू येईनासा झाला.

गालिचा परत कपाटात ठेवण्यापूर्वी आम्ही त्या जागेवरून हात फिरविला. आजूबाजूची लोकर मऊ होती. पण कुंचल्याने घासलेला वीतभर भाग खरखरीत आणि गच्च लागला. मुलींनी सांडलेली हळद निघून गेली होती. आम्ही कढत सोड्याने केलेली चूक मात्र तेथे कायम राहिली आहे आणि गालिचा असेपर्यंत राहील.

मुलींच्या बाबतीत आम्ही नंतर बराच विचार केला. हळद कोरडी होती. वाटी कलंडली त्याच क्षणी कोणास हाक मारली असती तर गालिचा उलटा धरून हलकेच झटकला असता की काम संपले असते. पाण्याचा थेंबही लागला नसता. परंतु त्या हाक मारावयास धजल्या नाहीत, यात दोष त्यांचा किती आणि आम्हां शिक्षकांच्या चढलेल्या आवाजाचा किती? ज्या घरात वा शाळेत सांडल्याबद्दल आधी ओरडा बसतो, तेथे डागावर चौरंग सरकविला जाणारच. आणि झाकलेला डाग मुरतो, एवढेच नव्हे, तर तो भलत्याच माणसाच्या नावावर चढतो.

शिपाईमामांची क्षमा आम्ही सर्वांच्या समक्ष मागितली. तेव्हापासून शारदोत्सवाच्या तयारीत एक मऊ ब्रश, पांढरी फडकी आणि शंखजिऱ्याच्या पुडीचा डबा चौरंगाजवळ ठेवलेला असतो. विद्यार्थिमित्रहो, यंदा काही सांडले तर घाबरू नका, पुसू नका, झाकू नका. फक्त हाक मारा. आम्ही ओरडणार नाही. फडके घेऊन येऊ.